कॅलेंडरवरचं टिंब

४ ऑगस्ट, सोमवार. तळेगाव

सकाळी पाचला पोटात कळ आली तेव्हाच समजलं, तरी मोरीत जाऊन बघून आले. दि. १. मोजणी परत एकपासून.

काल रविवार म्हणून कारेगावहून इकडे सासरी आलो होतो. संध्याकाळी निघताना संदीपची गाडी पंक्चर निघाली आणि राहिलो. नाहीतर हे तिकडे खोलीवर झालं असतं. इथे लपत नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकले, तेवढ्यावर आत्यांना कळलं. सासूला अशा गोष्टी पाठमोऱ्याही दिसतात. "बसलीस व्हय?" मी मान हलवली. त्यांनी मागच्या खोलीत गोधडी टाकली, चहाचा कप उंबऱ्यावरून पुढे सरकवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. चारच्या चौकटीत बॉलपेनने एक टिंब.

माझी टिंबं त्या ठेवतात. मी खोलीवर असले तर फोन करून विचारतात आणि मग ठेवतात. धाकट्या जावेची, पूनमची, ठेवत नाहीत. तिला दोन वर्षांची परी आहे. तिच्या टिंबांत कुणाला काय बघायचंय.

साडेसहाला सं.च्या मागे बसून सरळ कंपनीत. चूल आणि देव्हारा चालत नाही. गाडीवर बसायला विटाळ आड येत नाही.

५ ऑगस्ट

रडू येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही. पाच भाकऱ्या केल्या, दोन उरल्या.

७ ऑगस्ट, गुरुवार. शिरूर

हाफ डे टाकला. सं. फर्स्ट शिफ्ट करून परस्पर आला. डॉ. मॅडमकडे दीड तास बाकावर. समोरच्या बाकावर सगळ्या पोटुशा. एकीने विचारलं, "कितवा?" मी म्हणाले, "सहावा." ती घाबरून बघायला लागली. मला प्रयत्न म्हणायचं होतं. खुलासा केला नाही.

मॅडम: "पाच झाले ना घरी? सहावा करा. नाही झालं तर पुण्याचं पत्र देते."

दोघांचे रिपोर्ट चांगले आहेत. सगळे. चार वर्षांत एवढे चांगले रिपोर्ट जमलेत. अडतं ते एवढंच की तारीख ठरली की सं.ला जमत नाही. एरवी जमतं. तारखेला घाम फुटतो, उठून बसतो, सॉरी म्हणतो. आधी नाइट शिफ्टवर ढकललं, मग टेन्शनवर. मॅडमना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनीच जानेवारीत हा मार्ग सांगितला: झाकणाची डबी, बिनसुईची सिरिंज, त्याने त्याचं बाथरूममध्ये उरकायचं, बाकी मी माझं. कुणी कुणाकडे बघायचं नाही.

पुणे म्हणजे इंजेक्शनं, भूल, रजा. म्हणजे घरी सांगावं लागणार. म्हणजे का ते सांगावं लागणार. येताना गाडीवर सं. कारेगाव जवळ आल्यावर मग म्हणाला, "सहावा व्हईल बघ."

९ ऑगस्ट

घरात सगळे खोट माझ्यात धरून चाललेत. पहिल्या वर्षी मीच सं.ला म्हणाले होते, राहू दे, तुझं नाव नको, तुला नाही ऐकवणार. तेव्हा मोठेपणा वाटला. आता तो परत मागता येत नाही आणि तोही आपणहून देत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

नवीन मुलगी आलीय लाइनवर, तिला पिनांचं माप बघायचा गेज शिकवला. गो बाजूत पिन गेली पाहिजे, नो-गोत गेली नाही पाहिजे. पास हिरव्या ट्रेमध्ये, रिजेक्ट लाल. शंका वाटली तर पिवळा टॅग लावून होल्डवर ठेवायचा, वरचे लोक येऊन ठरवतील. ती म्हणाली, "ताई, शंका कशी येते?" म्हटलं, येईल.

सुपरवायझर म्हणतो माझे होल्ड सगळ्यात कमी. मी एका पिनवर चार सेकंदांपेक्षा जास्त घालवत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कासुर्डीहून आईचा फोन. यवतची कोण बाई, तिला बारा वर्षांनी झालं. मी "हो का" म्हणाले. मग ती बाई कुठला पाला खात होती ते ऐकलं. "हो का" अजून दोनदा. आई शेवटी म्हणाली, "तुला आता काई वाटतच न्हाई का गं?" मी खरंच विचार केला. कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवला फोन.

१६ ऑगस्ट, शनिवार

अंडं सुटायची तारीख दाखवणाऱ्या किटची पट्टी फिकी. उद्या होईल.

१७ ऑगस्ट, रविवार

दि. १४. पट्टी गडद. सुट्टी, दोघं खोलीवर, असा योग सहा महिन्यांत पहिला. शेजारच्या बिहारी भाभी गावी गेल्यात, भिंतीपलीकडे टीव्ही नाही.

दुपारी सव्वातीन. सं. आत गेला. मी गॅलरीत उभी राहून खालचा भाजीवाला बघत होते. दोडक्याच्या ढिगावर पाणी मारत होता. बावीस मिनिटं. सं.ने डबी टॉवेलात गुंडाळून कॉटवर ठेवली आणि चप्पल घालून खाली गेला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे सगळं. मग कमरेखाली दोन उशा, अर्धा तास. पंख्याच्या एका पात्यावर रंग उडालाय, तेवढ्यावर नजर ठेवायची, हे मला आता सवयीने येतं.

तो आला तेव्हा मी तशीच होते. चहा केला त्याने. कप माझ्या छातीवर ठेवायला लागला आणि मग कॉटवर ठेवला. "हललीस न्हाईस ना?" म्हणाला. "नाही."

प्र. ६ झाला.

१८ ऑगस्ट

मॅडमनी दुसऱ्या दिवशीही सांगितलंय. आजही. सं. सेकंडला जायच्या आधी, मी दुपारची सुट्टी टाकून. पंधरा मिनिटं.

२० ऑगस्ट

काही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पूनमचा फोन. गौरीची तयारी. सोळा भाज्यांतल्या कुठल्या मळ्यात आहेत, कुठल्या आणायच्या. मग आवाज खाली आणला. "ताई, तुमची तारीख गौरीतच येती का हो? मी मोजलं."

येते. एक सप्टेंबर, पूजनाच्या दिवशी.

गेल्या वर्षीही तसंच झालं होतं. गौर आत आणायचा मान मोठ्या सुनेचा. आवाहनाच्या सकाळी मी बसले. पूनमने मुखवटे आणले, मी मागच्या खोलीत. संध्याकाळी हळदीकुंकवाला अर्धी आळी आली आणि प्रत्येकीने आत्यांना विचारलं, थोरली कुठं दिसत नाही. आत्या प्रत्येकीला म्हणाल्या, "हाय मागं." प्रत्येकीला कळलं. दाराला फट होती, तिच्यातून उदबत्तीचा वास आणि सगळ्यांचे पाय दिसत होते. तेव्हा मात्र मला लाज वाटली होती, चांगली आठवते.

पूनम म्हणाली, "गोळी घ्या की. मी दरसाल घेती. आत्यांना कशाला सांगायचं."

२७ ऑगस्ट, बुधवार

कंपनीत गणपती बसला. दि. २४. छाती दुखते, पण ती दर महिन्याला दुखते. मी तिच्यावर विश्वास ठेवणं सोडलंय.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मेडिकलमध्ये गेले. या आठवड्यात तो त्या गोळ्या काउंटरवरच ठेवतो. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "गौरीसाठी ना? सकाळ-संध्याकाळ एक. गौरी गेल्या की बंद करायची, दोन-तीन दिवसांत येती." माझ्या मागे दोघी उभ्या होत्या, त्याही त्यासाठीच. एक म्हणाली, "आमच्यात तिघीजनींना लागत्यात."

सं.ला सांगितलं नाही. तो सेकंडला होता.

२९ ऑगस्ट

सुरू केली.

३१ ऑगस्ट, रविवार. तळेगाव

गौर मी आणली. तुळशीपासून आतपर्यंत कुंकवाची पावलं, पूनम मागे ताट वाजवत, परी तिच्या पदराला. मुखवटा जड असतो, दोन्ही हात भरून जातात. उंबऱ्यावर आत्यांनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पायावर पाणी घातलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, गौरीकडेच बघत होत्या. मला बरं वाटलं. एवढंच पाहिजे होतं, दोन दिवस सगळ्यांसारखं घरात वावरायला.

१ सप्टेंबर, सोमवार

पुरण, सोळा भाज्या, पहाटेपासून उभ्या. दुपारी नैवेद्य झाल्यावर आत्या कॅलेंडरपाशी गेल्या. पान उलटून ऑगस्ट काढला. चारच्या टिंबावर बोट ठेवून चौकटी मोजत आल्या, एक पान संपलं, दुसऱ्यावर आल्या. बोट आजच्या तारखेवर थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटं उचलत होते.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "पूनम उचलंल."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मी काय करून बसलेय. गोळीने पाळी थांबते. सहावा प्रयत्न झाला असला तरी थांबते. आता थांबली ती कशाने, हे मलाही सांगता येणार नाही. घ्यायच्या आधी तपासून बघायला पाहिजे होतं. खोलीवर राहिल्याचं तपासायची पट्टी नसते. एप्रिलमध्ये दोन दिवस वर गेले होते, सं.ने पेढे आणले, पट्टीवर एकच रेघ आली, दुसऱ्या दिवशी बसले. त्यानंतर त्याने उरलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि आम्ही ठरवलं, आठवडाभर वर गेल्याशिवाय बघायचंच नाही. पण मला गोळी घेताना सहाव्या प्रयत्नाची आठवणच झाली नाही, हे खरं आहे. मी तो झाल्याबरोबर गेलेल्यांत धरून टाकला होता.

संध्याकाळी गोळी घेतली की नाही? घेतली. मध्येच सोडली तर उद्या सगळ्यांदेखत बसावं लागेल असं वाटलं. उलटं वाटायला पाहिजे होतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी शेवटची गोळी. मोरीत, नळ सोडून.

विसर्जनाच्या आधी आत्यांनी माझी ओटी भरली. शेजारच्या चौघी बसल्या होत्या. तांदूळ, नारळ, पाच फळं, आणि मग गौरीपुढची दोन बाळं असतात लाकडाची, त्यातलं एक उचलून माझ्या ओटीत ठेवलं. नाकावरचा रंग गेलाय त्याच्या. "सांभाळ," म्हणाल्या.  

एक बाई म्हणाली, "औंदा गौर पावली म्हनायची." कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी धरूनच टाकलं.

तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी बाळावरून पदर घेतला. फार हलकं होतं ते.

३ सप्टेंबर, बुधवार. कारेगाव

काल येताना गाडीवर सं. हळू चालवत होता, खड्ड्यांना उतरून जातो की काय असा. शिक्रापूरच्या सिग्नलला मागे वळून म्हणाला, "एक दिवस वर ना?" त्याने पण मोजलं होतं. मी खोलीवर आल्यावर गोळ्यांचं रिकामं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

तो बराच वेळ पाकिटावरचं वाचत बसला. मग, "आईनं मामीला फोन केला. मावशीला केला. मला तरी सांगायचं."

मी म्हणाले, "तू कुठे काय सांगतोस घरी."

एवढं बोलायचं नव्हतं. चार वर्षं नाही बोलले. आज बोलले आणि नंतर भाजीला फोडणी दिली.

४ सप्टेंबर

पॅड पर्समध्ये ठेवलंय. नाही आली.

आत्यांचा फोन. "बसलीस का?" असं दर महिन्याला विचारतात तसं नाही विचारलं. "काय खाल्लंस?" विचारलं.

५ सप्टेंबर

नाही.

लाइनवर एका पिनला मी आज दोन मिनिटं गेज लावून बसले. नवीन मुलगी बघत होती. पास होती पिन.

६ सप्टेंबर, शनिवार

मॅडमना फोन केला. रागावल्या, पण हळू. "अश्विनी, ती गोळी तपासून घ्यायची असते. तुला मी सांगायला हवं का?"

"मेडिकलवाल्याने दिली."

"तो देणारच. शेवटची घेतल्यावर सात दिवस थांब. कधी कधी उशीर होतो. नाही आली तर मंगळवारी सकाळी बघ आणि मला कळव."

मी विचारलं, "बाळ असेल तर त्याला गोळीने काही झालं असेल का?"

म्हणाल्या, सहसा होत नाही, पण परत घेऊ नकोस. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, बाळ हा शब्द मी मॅडमकडे आजवर एकदाही वापरला नव्हता. आम्ही रिझल्ट म्हणतो.

७ सप्टेंबर, रविवार

आज चंद्रग्रहण. सकाळी नवालाच आत्या दारात, पिशवीत नारळ, राजगिऱ्याचे लाडू, तुळशीची पानं. तळेगावहून जीप, पुढे एसटी, एकट्या आल्या. गुडघे दुखतात त्यांचे, दोन जिने चढून आल्या. मी ग्रहण पाळते की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

आल्या आल्या सुरी, विळी, कात्री, सं.ची दाढीची ब्लेडं, सगळं गोळा करून पत्र्याच्या डब्यात घालून कॉटखाली सरकवलं. "चिरायचं न्हाई, शिवायचं न्हाई, येडंवाकडं निजायचं न्हाई. येध दुपारीच लागत्यात, पर पोटुशीला संध्याकाळपातूर सूट. ग्रान रातीला हाय, पर तू आत्तापासनंच बस." भिंतीला टेकून सतरंजी टाकली. मी बसले. मांडीवर हात ठेवले. म्हटलं तर सोपं होतं, मला बसायची सवय आहे.

दुपारपर्यंत मी तशीच. आत्या समोर बसून माळ ओढत होत्या. सं. आत-बाहेर करत होता. गॅलरीत जायचा, परत यायचा, माझ्याकडे बघायचा. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मी पाय लांब केला, आत्या म्हणाल्या, "नीट घे, पोरी." मी घेतला.

सं. मध्येच जमिनीवर बसला. आत्यांच्या समोर, माझ्या नाही.

"आई, तिनं गोळी घेतली हुती. गौरीसाठी. पाळी त्येनं थांबलीया."

आत्यांची माळ थांबली.

"आन् दुसरं. खोट तिच्यात न्हाई. रिपोर्ट चांगलं हायत तिचं. माज्यानं व्हत न्हाई. तारखेला. माज्यानं जमत न्हाई."

त्याने मान वर केली नाही. बोलताना तो पायाचा अंगठा धरून बसला होता. मग सगळंच सांगितलं, डबी, सिरिंज, सहा वेळा. आईला असं सांगताना मी कुणाला ऐकलं नाही. मला त्याच्याबद्दल काहीतरी वाटायला पाहिजे होतं. मी त्याचा अंगठा बघत होते, पांढरा पडला होता.

 खाली भंगारवाला ओरडत गेला. मग आत्या म्हणाल्या, सं.लाच, आवाज न चढवता:

"म्हंजी चार वरीस ही मागच्या खोलीत बसली. आन् तू म्होरं बसून पोळ्या खाल्ल्यास."

सं.ने अंगठा सोडला.

"आन् मी टिंबं दिली," म्हणाल्या. हे कुणाला उद्देशून नव्हतं.

मी उठायला लागले. म्हटलं, "आत्या, आता काय उपयोग बसून. भाजी चिरते."

"बस तू." माझा दंड धरला. "गोळीनं असंल न्हाईतर कशानं असंल, तुला तरी ठावं हाय का? न्हाई ना. मग आज सुरी धरायची न्हाई." डबा कॉटखालून ओढला, सुरी काढून सं.पुढे ठेवली. "ह्यो चिरंल. काय चिरायचं ते सांग त्येला."

सं.ने दोडके चिरले. साल न काढता.

८ सप्टेंबर, सोमवार

आत्या सकाळच्या गाडीने गेल्या. निघताना विचारलं, "किती कळ येती गं तुला, बसतीस तवा?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणाले, येते. त्या म्हणाल्या, "मला येत हुती. सासू म्हनायची नाटक करती." चप्पल घालताना भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या थोडा वेळ.

संध्याकाळी कंपनीतून आल्यावर बघितलं तर डाग. तपकिरी, कुंकवाच्या टिकलीएवढा. पाळी अशीही सुरू होते माझी. मॅडम म्हणतात राहिल्यावरही असा डाग कधी कधी पडतो. सं.ला सांगितलं. तो स्वतः मेडिकलमध्ये जाऊन पट्टी घेऊन आला. आजवर मीच आणायचे. म्हणाला, मेडिकलवाल्याने दोनदा विचारलं, कुणासाठी. "मी म्हनलं, आमच्यासाठी."

नंतर पुन्हा डाग नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे पट्टी. सं. मोरीच्या दाराबाहेर पाटावर बसला होता. पाच मिनिटं झाल्यावर मीच त्याला आत बोलावलं.

एक रेघ पक्की. दुसरी आहे म्हटलं तर आहे. ट्यूबलाइटखाली धरली तर दिसते, गॅलरीत नेली तर सं.ला दिसते आणि मला नाही. परत आत आणली तर मला दिसते, त्याला नाही. मोबाइलवर फोटो काढला, त्यात दोघांनाही दिसेना. अशी पिन आली असती तर मी पिवळा टॅग लावला असता आणि पुढची उचलली असती.

मॅडमना फोटो पाठवला. "आज चारला या, रक्त तपासू. मग गुरुवारी परत. आकडा वाढला तर बोलू. आत्ता कुणाला काही सांगू नका." डागाचं विचारलं त्यांनी. सांगितलं.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलंय.  काही नसेल याची भीती मला ओळखीची आहे. ही ती नाही. ही असेल याची आहे, आणि मग राहील का याची. पुण्याचं पत्र, सहा आकडा, सगळं माझ्या डोक्यात पाठ होतं, याचं काही पाठ नाही.

सं. सुपरवायझरला फोनवर सांगत होता, हाफ डे पाहिजे. पलीकडून कारण विचारलं असावं. तो म्हणाला, "बायकोसंगं दवाखान्यात जायचंय. माजं बी काम हाय तिथं." मग डबा भरायला बसला.

सातला आत्यांचा फोन. डागाचं सं.ने त्यांना कालच सांगितलं होतं, न विचारता. त्याला आता सांगायची सवय लागतेय.

"आश्विने, मी कॅलेंडरपाशी हुबी हाय. पेन हाय हातात. टिंब देऊ का?"

मी खिडकीतून बघितलं. कंपनीची बस अजून आली नव्हती.

"नका देऊ, आत्या."

"म्हंजी..."

"माहीत नाही. नुसती मोकळी ठेवा चौकट."

"बरं. मोकळी ठिवती."

फोन ठेवायला पाहिजे होता. त्याही ठेवेनात, मीही ठेवेना. पलीकडून परीचं रडणं ऐकू येत होतं, आणि आत्यांचा श्वास. बस येईपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.